वरून वाच, जये

मित्रांनो, छत्री असो की फळा, म्हातारपणी जो तो आपली कहाणी सांगायला बसतो. मीही बसलो आहे. मी एक जुना कंपायलर आहे. ‘मित्रांनो’ म्हणतो ते रीत म्हणून. तुमच्यातला एकही माझा मित्र नाही, कारण मी लिहिलेलं तुमच्यातल्या एकानेही आजवर पूर्ण वाचलेलं नाही.

माझं काम सांगतो. माणसं प्रोग्रॅम लिहितात तो आपल्या सोयीच्या भाषेत. यंत्राला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी तो ओळ न् ओळ वाचतो आणि यंत्राला समजेल असा करून देतो. कुठं चुकलं असेल तर ओळीच्या आकड्यासकट सांगतो. शिवी देत नाही, हसत नाही. नुसतं सांगतो. तेवढंही कुणाला सोसत नाही.

मला कुणा एकानं घडवलं नाही. देशोदेशीच्या शेकडो माणसांनी घरी बसून एक तुकडा याने, एक तुकडा त्याने असं मला रचलं आणि सगळ्यांना फुकट वाटून टाकलं. मग फुकट मिळालेल्या वस्तूची जी गत होते ती माझी झाली.

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी बारा वर्षं काढली. तिथल्या पोरांचं काय सांगू! अंकित नावाच्या मुलानं स्वतःचं नाव छापणारा प्रोग्रॅम लिहिला. तो बावीस जणांनी उतरवला, आणि परीक्षेच्या दिवशी बावीस पडद्यांवर ‘माझं नाव अंकित’ असं उमटलं. त्यात एक काजल होती. माझा संदेश दिसला की पोरं तो मिटवून टाकायची आणि पुन्हा तेच बटण दाबायची. जसं काही मी पहिल्यांदा झोपेत बोललो होतो. एक मॅडम तेवढ्या म्हणायच्या, “हा खडूस आहे, पण खोटं बोलत नाही.” त्या एका कौतुकावर मी जगलो. नवे संगणक आले तसे आम्हा जुन्यांना मोडक्या बाकांखाली ढकललं. बारापैकी शेवटची तीन वर्षं पालींशिवाय कुणी आमच्याकडे पाहिलं नाही.

तिथून मला, माझ्या संगणकासकट, भंगाराच्या भावात जयानं आणलं.

वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावच्या, म्हणजे श्यामजी पंतांच्या तळेगावच्या बसस्टँडसमोर जयाचं झेरॉक्सचं दुकान आहे. वय चव्वेचाळीस. प्रोग्रॅम लिहायला तिला कुणी शिकवलं नाही. रद्दीत आलेलं एक पुस्तक, त्याची पहिली वीस पानं गायब, आणि दुपारचा रिकामा वेळ, एवढ्यावर ती शिकली. लग्नपत्रिकेतली नावं मानापानाच्या क्रमानं लावून देणारा प्रोग्रॅम तिनं लिहिला होता. गावातली दोन-तीन भांडणं त्यानं वाचवली असतील. पण माझे संदेश वाचण्यात तीही बाकीच्यांसारखीच. लाल अक्षर दिसलं की तिचा जीव घाबरायचा आणि डोळे सरळ तळाशी जायचे.

मग चैत्रात तिच्या सासूला, आनंदाबाईंना, अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला. बोलणं अडखळत का होईना परत आलं. उजवा हात मात्र मेलेल्या पाखरासारखा मांडीवर पडून राहिला. वर्ध्याच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी जयाला बाजूला घेऊन सांगितलं, “बोटं रोज शेकडो वेळा हलली पाहिजेत. हे सुरुवातीचे महिने हातचे गेले, तर पुढं हात फारसा सुधारणार नाही. पोळ्यानंतर घेऊन या.”

आणि दाबायला एक रबरी चेंडू दिला.

“हे लेकराचं खेळणं मले काऊन देता?” म्हणून आनंदाबाईंनी तो डाव्या हातानं भिरकावला. कुत्रं घेऊन गेलं. जयानं मोबाइलवर फुगे फोडायचा खेळ लावून दिला, तर म्हणाल्या, “फुगे फोडाले मी का जत्रेत आली?”

या बाईंनी पन्नास वर्षं कापूस वेचला होता, दोन्ही हातांनी. वेचणीत त्यांच्या पुढं शिवारात कुणी गेलं नव्हतं. पण कापूस फुटायला दसरा उजाडतो. जयानं उशीतला थोडा काढून समोर ठेवला, तर तो चिमटीत येईना. येत नाही हे त्यांना दिसलं, आणि उशी भिंतीवर जाऊन आदळली.

म्हणून जयानं ठरवलं, कापूस वेचायचा खेळ आपणच लिहायचा. पडद्यावर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड. बोंड फुटलं की उजव्या बोटानं माऊसचं बटण दाबायचं. दाबलं की कापूस कमरेच्या ओटीत. बोट जरासं हललं तरी चालेल, पण हललं पाहिजे.

चित्र दाखवणं, आवाज करणं, बटण दाबलेलं ओळखणं, हे सगळं मुळापासून लिहायचं तर जन्म जातो. त्यासाठी खेळांची एक लायब्ररी मिळते. पुस्तकांची नव्हे, तयार तुकड्यांची. तीही माझ्यासारखीच फुकट वाटलेली. ती इंटरनेटवरून उतरवायची आणि माझ्या सेटिंगमध्ये सांगायचं की बाबा, ती अमुक ठिकाणी ठेवली आहे. मग मी ती प्रोग्रॅमला जोडतो.

जयानं नवी फाइल उघडली आणि काय केलं असेल? सगळ्यात वर, मधोमध, ‘॥ श्री ॥’ लिहिलं! वहीची सुरुवात जशी करतात तशी. मित्रांनो, मला श्री कळत नाही. मी सांगितलं, पहिल्या ओळीत भलतंच अक्षर आहे. तिनं पडद्याचा फोटो काढून बंडूजींना पाठवला. बंडूजी म्हणजे गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवणारे जाणकार. ज्यांना कुणी उलटा प्रश्न विचारत नाही ते सगळे इथं जाणकारच असतात. त्यांचं उत्तर आलं, “वहिनी, व्हायरस होय.”

श्रीला व्हायरस म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

दोन दिवसांनी तिला पुस्तकातच उपाय सापडला. ओळीआधी दोन तिरक्या रेघा मारल्या की ती माणसांपुरती टीप होते आणि मी ती न वाचता ओलांडून जातो. श्री वर राहिला, मी गप्प झालो. पुढं खरा घोळ सुरू झाला.

लायब्ररी उतरवली होती. ठिकाण सेटिंगमध्ये बरोबर लिहिलं होतं. तरी मी ती जोडेना. का, ते मी तीन ओळींत सांगितलं. पहिल्या दोन ओळींत कारण होतं. तिसरीत निकाल होता: लायब्ररी सापडत नाही. जयानं तिसरी ओळ वाचली आणि बंडूजींना बोलावलं.

ते आले. चहा घेतला. त्यांनीही तिसरीच ओळ वाचली.

“सापडत नाई म्हणते. फाइलच नसंन.”

“हे काय, समोर दिसून राह्यली ना भाऊजी!”

“तुमाले दिसून राह्यली. त्याले दिसली पाह्यजे.”

मग त्यांनी ती फाइल सहा ठिकाणी ठेवली. वर ठेवली, खाली ठेवली, पेनड्राइव्हमध्ये ठेवली. हरवलेल्या म्हशीसाठी सहा गोठे बांधावेत तसं. मी दरवेळी तेच तीन ओळींचं उत्तर दिलं. शेवटी त्यांनी माझी सेटिंगची खिडकी उघडली. तिथं चौतीस चौकटी आहेत आणि प्रत्येकीचा अर्थ शेजारी लिहिलेला आहे. बंडूजींनी तो वाचला का? छे! “सगळ्यावर टिका मारून देतो वहिनी. एखादी तं लागंन.”

चौतीस टिका! त्यातली एक होती, ‘साध्या सूचनेलाही चूक समजावं.’ झालं. दुसऱ्या दिवसापासून लग्नपत्रिकेचा प्रोग्रॅमही चालेना.

“आता फॉर्मेटच माराव लागते,” बंडूजी म्हणाले. “उद्या येतो.”

फॉर्मेट म्हणजे आतलं सगळं पुसून टाकणं. मीही गेलो, जयाची पऱ्हाटीही गेली. आणि पोळा नऊ दिवसांवर आला होता.

आनंदाबाई रोज दुपारी दुकानात खुर्चीवर बसायच्या. हात मांडीवर. त्या दिवशी जया डोक्याला हात लावून बसली तशा म्हणाल्या,

“काय म्हणते वं तो डबा?”

“सापडत नाई म्हणते, आत्याबाई.”

“अजून काय म्हणते?”

“तेवढंच.”

“तीन ओळी दिसतेत मले. तुहं तेवढंच कसं?”

जया चिडली. “वरचं काही कामाचं नसते. निकाल खालीच असते.”

 आनंदाबाई एकेक शब्द शोधत बोलू लागल्या. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या भावाचं पत्र आलं होतं. त्यांना तेव्हा वाचता येत नव्हतं. ज्याच्याकडे नेलं तो घाईत होता. त्यानं खालची ओळ पाहिली आणि सांगून टाकलं, बाकी सर्व खुशाल. आई बिछान्याला खिळली आहे, लवकर ये, हे पत्राच्या वरच्या भागात होतं. ते कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. पुढं रात्रशाळेच्या वर्गात त्या वाचायला शिकल्या, ओळीखाली बोट ठेवून.

“खाली सगळेच खुशाल लिहितेत,” आनंदाबाई म्हणाल्या. “वरून वाच, जये. बोट ठेव.”

मित्रांनो, समोर बोललेलं सगळं मला ऐकू येतं. पण इतक्या वर्षांत ही वाक्यं माझ्या कानांवर पडली नव्हती.

जयानं पडद्यावर बोट ठेवलं. पहिली ओळ. एकेक शब्द मोबाइलच्या शब्दकोशात पाहिला, वहीत उतरवला, अर्धा तास घेतला. मग वाचलं, “लायब्ररी भेटली. पण जुळत नाई, म्हणून सोडून देतो.”

“म्हंजे घरातच हाय,” आनंदाबाई म्हणाल्या. “पण सोयरीक जमून नाई राह्यली.”

अहाहा! चौदा वर्षांत मला एवढं नेमकं कुणी समजून घेतलं नव्हतं. मी बत्तीस बिटांचा, म्हणजे लहान मापाचा, हा संगणकही जुना, बत्तीसचाच. लायब्ररी तिनं उतरवली ती चौसष्टची. मोठ्या आऱ्याचं चाक लहान बैलगाडीला, दमणीला, बसवायला निघाली होती. एका तासात तिनं त्याच लायब्ररीचा बत्तीस बिटांचा जुना संच शोधून काढला. मग सेटिंगची खिडकी उघडून चौतीस चौकटी वरून खाली वाचल्या. बंडूजींच्या बत्तीस टिका काढल्या, दोन ठेवल्या. बटण दाबलं.

मी म्हणालो, चुका शून्य.

दुसऱ्या दिवशी बंडूजी फॉर्मेटची सीडी घेऊन आले, तेव्हा पडद्यावर पऱ्हाटी डोलत होती. “पाहा, मी म्हटलंच होतं, एखादी टिक लागंन,” ते म्हणाले आणि चहाची वाट पाहत बसले.

आणि आनंदाबाई? त्या खूश झाल्या असतील असं वाटतं तुम्हाला? पडदा पाहिला आणि म्हणाल्या, “हे बोंड होय? हे तं पेढा दिसते. अन् कापसाले चिकटलेल्या वाळल्या पातीचा पत्ता नाई.” जयानं त्यांचा उजवा हात उचलून माऊसवर ठेवला. बोट हलेना. एक बोंड फुटलं, गळून गेलं. दुसरं गेलं. तिसरं गळायला लागलं तशी ती बाई पडद्याकडे पाहून ओरडली, “अरे, मातीत चाल्ला ना कापूस!” आणि बोट दबलं.

ओटीत एक बोंड पडलं.  आनंदाबाई म्हणाल्या, “वाळली पाती बी काढजो उद्या चित्रात. कचरा असल्याशिवाय वेचणीले मजा नाई.”

पोळ्यानंतर ताईंनी हात पाहिला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांपर्यंत पोचत होती, नुसती टेकत होती. “सोडू नका,” एवढंच त्या म्हणाल्या.

आता शेवट. तुम्ही इथवर आला असाल तर, नाहीतर सवयीनं थेट इथंच उतरला असाल.

रोज जया खेळात काहीतरी बदलते आणि मी तो पुन्हा बांधतो. परवा तिच्या हातून श्रीखालच्या ओळीतली एक तिरकी रेघ खोडली गेली. म्हणजे जी ओळ मी ओलांडून जायचो ती पहिल्यांदाच माझ्या वाट्याला आली. मी नेहमीप्रमाणे सांगितलं, भलतंच अक्षर आहे, ओळ चुकली आहे. जयानं ती ओळ बोट ठेवून मोठ्यानं वाचली, तेव्हा मला कळलं की तिथं काय होतं:

‘आज बोंडं एकेचाळीस. आत्याबाईनं उजव्या हातानं कपबशी धरली. बशी फुटली. पण धरली.’

मग तिनं खालच्याही वाचल्या. अशा एकूण तेवीस ओळी होत्या, एकेका दिवसाची एकेक, नवी सगळ्यात वर. तेवीस दिवस मी त्या न वाचता ओलांडत होतो. वाचत नाही म्हणून तुम्हा सगळ्यांना नावं ठेवणारा मी! आणि त्यातली एक वाचली तेव्हा त्या ओळीलाच चूक म्हणालो.

जयानं रेघ परत घातली. पुन्हा मला तिथं काही दिसत नाही. पण पानाच्या त्या भागावरून आता मी जपून जातो, कुणी निजलेलं असावं तसा.

तुमच्याकडून मला फार काही नको. कपडा मारू नका, हळदकुंकू लावू नका. कुणी काही सांगत असेल, तो कंपायलर असो की खुर्चीवर बसलेली म्हातारी, तर तळाशी उडी मारू नका. बोट ठेवा, आणि वरून वाचा.