पिठाचं विमान

मित्रांनो, मी विमानाचा एक जुना लाकडी नमुना आहे. लांबीला हातभर, रंगाने एके काळी काळाकुट्ट. विमान म्हटलं की तुम्ही वर बघता. माझं आयुष्य मात्र तारेला लटकण्यात, पोत्यात पडून राहण्यात आणि फळीवर बसण्यात गेलं. आता अंगात त्राण उरलेलं नाही. डावा पंख दोनदा निखळला आणि दोनदा सरसाने चिकटवला. तरी जे घडलं ते एकदा सांगून टाकतो.

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हा पुण्याजवळच्या एका लष्करी कारखान्यात माझा जन्म झाला. शिवणीच्या झाडाचं हलकं लाकूड घेऊन एका कारागिराने चित्राबरहुकूम मला कोरलं आणि काळा रंग दिला, कारण आभाळात उंच गेलेलं विमान खालून काळंच दिसतं. मी जपानी लढाऊ विमानाचा नमुना होतो. विमानं पाडणाऱ्या तोफांवर जे जवान जायचे त्यांच्या वर्गात मला टांगलं होतं. शिकवणारे उस्ताद काठीने मला गोल फिरवत आणि विचारत, "आपलं का दुश्मनाचं?" सगळे एका सुरात म्हणत, "दुश्मनाचं." दिवसातून तीस-चाळीस वेळा हे चाले. उस्ताद माझं कौतुकही करत. म्हणत, हा नमुना अगदी हुबेहूब आहे, याला नीट ध्यानात ठेवा. पण मला ध्यानात ठेवायचं ते पाडण्यासाठी. माझ्याकडे बघून कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

युद्ध संपलं. मला आणि माझ्यासारख्या कितीतरी नमुन्यांना पोत्यात कोंबून विकून टाकलं. फिरत फिरत मी सांगलीच्या पेठेत, लष्कराचा जुना माल विकणाऱ्या एका दुकानात पोचलो. फाटक्या मच्छरदाण्या, पाण्याच्या बाटल्या, एकेक सुटे बूट, आणि त्यांच्या खाली मी. बरोबरचे नमुने कुणी चुलीला नेले, कुणी आणखी कशाला. माझ्यावर धूळ साचत गेली. खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. निदान कुणी काही विचारत नव्हतं.

सत्तेचाळीस सालच्या वैशाखात एक माणूस दुकानात आला. पंचविशी ओलांडलेला, अंगात लष्करातला जुना खाकी सदरा. त्याने बुटांचा ढीग बाजूला केला आणि मला उचललं. उचलल्याबरोबर त्याचा हात थबकला. त्याने मला ओळखलं होतं.

"पोराला खेळायला पायजे काय?" दुकानदाराने विचारलं. "लाल रंग मारा, झ्याक दिसंल."

"पोरासाठी न्हवं," तो म्हणाला. "बापासाठी."

दुकानदाराने पैसे मोजून घेतले. त्या माणसाने मला टॉवेलात गुंडाळलं आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने आम्ही निघालो. वाटेत तो मला मांडीवर घेऊन बसला होता, पण एकदाही त्याने टॉवेल उघडून पाहिलं नाही.

त्याचं नाव लालासाहेब. गाव कडेगावपासून दोन कोसांवर, येरळा नदीच्या काठी. घरात तो, त्याची बायको शालूबाई आणि वडील जोतीराम, ज्यांना सगळे आबा म्हणत. मला का आणलं ते पुढे शालूबाईच्या बोलण्यातून कळत गेलं.

आबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या, म्हणजे इराककडच्या, मोहिमेवर गेले होते. तिकडे कूत नावाच्या गावात त्यांची पलटण पाच महिने तुर्कांच्या वेढ्यात अडकली. धान्य संपलं. शेवटच्या दिवसांत एकावर एक दोन पंखांची आपली विमानं यायची आणि वरून पिठाची पोती टाकायची; एका पंखाचं विमान दिसलं की ते दुश्मनाचं. काही पोती नदीत पडायची. पोटभर पीठ कधी आलंच नाही. पलटण शरण गेली, मग कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. आबांच्या गावचे तिघे त्यांच्याबरोबर होते, धुळा, अर्जुना आणि नाथाजी. परत आले ते एकटे आबा. त्यानंतर त्यांनी लग्न केलं, विहीर पाडली, ऊस लावला, आणि त्या लढाईबद्दल तीस वर्षं चकार शब्द काढला नाही.

साठी उलटली आणि आबांचं विसरणं सुरू झालं. आधी खुरपं कुठं ठेवलं ते विसरले, मग शेताचा बांध, मग आपली बायको वारली हे विसरले. लालासाहेब ब्रह्मदेशाच्या लढाईतून सुटून घरी आला, तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठल्या पलटणीचा रं तू?" जवळचं सगळं पुसून गेलं आणि तीस वर्षं दाबून ठेवलेलं कूत तेवढं उरलं. ते जेवेनात. भाकरी वाढली की धोतराच्या सोग्यात बांधून ठेवत. "विमान आलं का? पीठ येऊ दे. मग समदी मिळून खाऊ," एवढंच म्हणत. दुपार झाली की येरळेच्या कोरड्या पात्रात जाऊन वाळूत बसत. एकदा अनवाणी तसेच चालत सुटले. शालूबाईला ते कोसभर लांब सापडले. पायांना फोड आले होते, पण थांबायला तयार नव्हते. थांबलेल्याला मारतात, असं म्हणत होते.

शालूबाई थकली होती. दिवसभर शेत, गुरं, आणि डोळा सगळा आबांवर. एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली, "आवं, रोज मामंजींस्नी म्हनतायसा विमान येतंय, येतंय. आना की एक. बारकं का असंना."

लालासाहेबाने आधी इस्लामपूरच्या बाजारात शोधलं. तिथे लाकडी बैल होते, भोवरे होते. साताऱ्याला एका दुकानात पत्र्याची मोटार दिसली, पण विमान नव्हतं; युद्धापासून परदेशी खेळण्यांची आवक थांबलेली. शेवटी सांगलीत मी सापडलो. ब्रह्मदेशात ज्या आकाराकडे बघून त्याच्या तोंडचं पाणी पळायचं, तोच आकार घेऊन तो घरी आला.

दारातल्या कडुलिंबाखाली आबा बसले होते. काटकुळे, खांद्याची हाडं वर आलेली. लालासाहेबाने टॉवेल सोडून मला वर धरलं. "आबा, हे बगा. विमान आलं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कसा बदलला ते मी विसरणार नाही. "एका पंखाचं हाय," ते म्हणाले. "हे आपलं न्हवं. खाली बस, गड्या. खाली बस." आणि त्या हाडांच्या सापळ्यात कुठून जोर आला कोण जाणे, त्यांनी लालासाहेबाला हाताला धरून जमिनीवर पाडलं आणि स्वतः त्याच्यावर पालथे पडले. मी बाजूला मातीत पडलो. माझा पंख तेव्हा पहिल्यांदा निखळला.

लालासाहेब हलला नाही. बापाच्या अंगाखाली तो तसाच पडून राहिला. आपण कुणाला वाचवतो आहोत हे आबांना माहीत नव्हतं. शालूबाईने येऊन दोघांना उठवलं, तेव्हा लालासाहेबाचं तोंड मातीने आणि डोळ्यांतल्या पाण्याने माखलं होतं.

मित्रांनो, मला वाटलं आता चूल. पण दुसऱ्या दिवशी शालूबाई मला घेऊन सिद्धू सुताराकडे गेली. "मामंजींच्या विमानाला दोन पंख व्हतं म्हनं," ती म्हणाली, "येकावर येक."

सिद्धूने आयुष्यात विमान जवळून पाहिलं नव्हतं. त्याने निखळलेला पंख चिकटवला, वर आंब्याच्या फळीचा दुसरा पंख बसवला, मधे कामट्यांचे टेकू दिले. काळा रंग खरवडून काढला. नवा पंख थोडा तिरका बसला. शालूबाईने चिंधीची इवलीशी पिशवी शिवून तिच्यात जोंधळ्याचं पीठ भरलं, आणि लिंबाच्या फांदीवरून दोरी घेऊन मला टांगलं.

दुपारी आबा बाहेर आले. शालूबाईने भिंतीआडून दोरी हलवली. मी झुललो आणि माझ्या पोटाखालची पिशवी आबांसमोर पडली. त्यांनी ती उचलली, गाठ सोडली, पीठ बोटावर घेऊन जिभेला लावलं. मग ते हळूहळू उठून चुलीपाशी गेले आणि पिशवी शालूबाईच्या हातात दिली. "भाकऱ्या कर, बाई. समद्यास्नी पुरल्या पायजेत."

तिने भाकऱ्या केल्या. आबांनी हाक मारली, "धुळा."  त्यांनी पुन्हा हाक मारली. तेव्हा लालासाहेब पुढे होऊन म्हणाला, "हाय." आबांनी त्याला चतकोर दिला. "अर्जुना." "हाय." "नाथाजी." "हाय." तिन्ही चतकोर एकट्या लालासाहेबाने खाल्ले. मग आबांनी स्वतः तोंडात घास घातला.

तुम्हाला वाटेल, आबा बरे झाले. नाही झाले. दुसऱ्या दिवशी त्यांना काही आठवलं नाही. पुन्हा पिशवी, पुन्हा दोरी, पुन्हा त्याच तीन हाका. रोज. कधी ते पिठाकडे बघतही नसत. कधी दोरी अडके आणि शालूबाई कपाळाला हात लावून बसे. त्या पावसाळ्यात देश स्वतंत्र झाला, चावडीवर झेंडा लागला, साखर वाटली. आबांनी ती साखरही सोग्यात बांधली. लिंबाखाली लोंबकळून माझं अंग फुगलं, टेकू सैल झाले. त्या घरात थकलं नाही असं कुणी नव्हतं.

मार्गशीर्षात गुऱ्हाळ लागलं. लालासाहेब दोन दिवस गुळाच्या काहिलीपाशी होता, डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला, तर आबा पीठ मातीत सांडून बसले होते आणि म्हणत होते, "विमान आलं का?"

लालासाहेबाचा तोल गेला. त्याने मला दोरीसकट ओढून खाली आपटलं. "न्हाई आलं," तो ओरडला. "कवाच येनार न्हाई. लढाई संपली, आबा. तीस वर्सं झाली संपून."

 आबांनी विचारलं, "संपली? मग आपली मानसं कुठं हायती?"

 लालासाहेब आबांशेजारी बसला. ब्रह्मदेशातून आल्यापासून त्याने शालूबाईलासुद्धा काही सांगितलं नव्हतं. आता तो आबांना सांगू लागला. त्याच्या तोफेवर सहा जण होते. एका सकाळी विमान खाली आलं, आणि ओळखायला उशीर त्याच्याकडून झाला. चौघे गेले. त्याने चौघांची नावं घेतली, गावं सांगितली, कुणाला किती लेकरं होती ते सांगितलं. शालूबाई दारात उभी राहून ऐकत होती.

आबांना किती कळलं, मला माहीत नाही. त्यांनी सोग्याची गाठ सोडली, आतला वाळलेला भाकरीचा तुकडा काढून लालासाहेबाच्या हातावर ठेवला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "खा, गड्या," ते म्हणाले. "चूक तुझी न्हाई. भुकेल्या मानसाला बराबर दिसत न्हाई."

लालासाहेबाने तो तुकडा खाल्ला. तो दगडासारखा कडक होता, चावायला त्याला फार वेळ लागला.

आबा पुढे नऊ महिने जगले. लालासाहेबाने मला पुन्हा सिद्धूकडे नेऊन आणलं, आणि त्यानंतर दोरी तोच हलवायचा. आबांनी त्याला मुलगा म्हणून शेवटपर्यंत ओळखलं नाही, पण ते घरातच गेले, आपल्या अंथरुणावर, पोटात अन्न असताना. त्याला आता वर्ष झालं. मी फळीवर आहे. शालूबाई आठवड्याने एकदा पदराने मला पुसते, आणि पुसताना तिचा हात तिरक्या पंखाशी जरा सांभाळून फिरतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं माणूस असं विसरून गेलेलं असेल. त्याला आठवण करून देण्याचा हट्ट धरू नका. तो आम्ही सर्वांनी करून पाहिला आहे. ते ज्या नावाने हाक मारील, त्या नावाला ओ द्या आणि शेजारी बसून चार घास खा. आणि त्याचं करता करता जे थकून जातात, त्यांनाही कधीतरी विचारा की तुला काय झालं होतं. ते आपणहून सांगत नाहीत.