शेजारची सीट

नागला बंदर मागे पडलं, खाडी रुंद झाली आणि उपेंद्र गुप्त्यांनी मोठ्या खुशीत डावीकडे मान वळवली. 'बघितलंस, पोटातलं पाणी हललं नाही!' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. ते तिथेच अडकलं.

शेजारच्या सीटवर त्यांची बायको हेमांगी डोळे मिटून बसली होती.

झोपली असेल, असं त्यांना आधी वाटलं. बोटीच्या पूजेसाठी आणि डब्यासाठी ती पहाटेच उठली होती. पण झोपलेलं माणूस असं बसत नाही. तिने समोरची स्टीलची दांडी एका हाताने अशी धरली होती, की पेरं पांढरी पडली होती. दुसऱ्या हातात लाइफ जॅकेटचा पट्टा होता. ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. डिसेंबरच्या गार वाऱ्यात तिच्या कपाळाला घाम आला होता.

"हेमांगी!"

"हं?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

"बरं वाटत नाहीये का तुला?"

"वाटतंय की. तुम्ही पुढे बघा."

"डोळे उघड बघू."

तिने उघडले. असे डोळे त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिले होते. कारखान्यात वाफेची लाइन फुटली, तेव्हा दाराआड अडकलेल्या एका ऑपरेटरचे. तो पुढे वाचला, पण ते डोळे गुप्ते कित्येक दिवस विसरले नव्हते. आता तेच डोळे त्यांच्या बायकोच्या चेहऱ्यावर होते, आणि खाडीत तर काहीच घडलेलं नव्हतं. ऊन कोवळं होतं, भरती निवांत होती. त्यांनी घाईघाईने वेग कमी केला.

गुप्त्यांना एवढा धक्का का बसला, ते कळायला थोडं मागे जायला हवं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळून हा गृहस्थ निवृत्त झाला. कल्याणचं जुनं घर विकून दोघं घोडबंदर रोडला, एकोणिसाव्या मजल्यावर राहायला आली. बाल्कनीतून खाडी दिसायची. पहिले सहा महिने गुप्ते त्या बाल्कनीत बसून राहिले, आणि उठले ते फक्त लिफ्टवरून सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडायला. मग एक दिवस पाय मोकळे करायला खाली बंदरावर गेले. तिथे महिपत नावाच्या कोळ्याशी गाठ पडली, आणि या माणसाने उतारवयात बोटीचं वेड लावून घेतलं.

पहिली बोट अगदी लहान होती. फायबरची, मागे इंजिन. इंजिनाचा दांडा हातात धरून गुप्त्यांनी मागे बसायचं. पण एकटा माणूस मागे बसला, की बोटीचं नाक आभाळाकडे जायचं. "पुढं वजन पायजे, सायेब," महिपत म्हणाला होता. "वयनींना आना ना." वहिनी आल्या. पुढच्या फळीवर, गुप्त्यांकडे पाठ करून बसल्या. त्यानंतर तीन हिवाळे, दर रविवारी, वहिनी तिथेच बसल्या.

तेव्हा पाण्यावर असताना गुप्त्यांना बायको दिसायची ती पाठमोरी. डोक्याला बांधलेला विटकरी स्कार्फ आणि त्याखाली ताठ पाठ. ती पाठ वाचायला आपण शिकलो आहोत, अशी त्यांची समजूत होती. पाठ ताठ म्हणजे बाईसाहेब रंगल्या. बगळे बघताहेत, कांदळवन बघताहेत, मागे वळून बोलायचंही भान नाही! त्या पाठीचे त्यांनी शंभर फोटो काढले होते. त्यातलाच एक त्यांच्या व्हॉट्सअॅपला लावलेला होता. कोणी घरी आलं, की हे सुरू: "मला काय, मी आपला मशीनचा माणूस. पाण्याचं वेड खरं हिला!" हेमांगी तेव्हा आत चहा टाकत असायची.

म्हणून तर ही मोठी बोट घेतली. मांडव्याच्या एका हौशी माणसाची जुनीच, पण भक्कम. खाली केबिन, त्यात दोन माणसांपुरता बिछाना, शेगडी, बेसिन, संडास. वर सुकाणू आणि त्याच्या शेजारी दुसरी सीट. बाईमाणसाने किती दिवस फळीवर बसायचं? लहान बोट गुप्त्यांनी हसत हसत देऊन टाकली. मोठीच्या पाठीवर पेंटरकडून नाव घालून घेतलं: हेमांगी. आज सकाळी नारळ फोडताना तिने ते नाव पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. जानेवारीत मांडव्याला जाऊन बोटीतच मुक्काम करायचा, पुढच्या वर्षी दाभोळ, मग आणखी खाली. आयुष्याचा उरलेला भाग दोघांनी पाण्यावर काढायचा, असा गुप्त्यांचा सगळा बेत ठरला होता.

आणि आता बोट खाडीच्या मधोमध संथ डुलत होती आणि ती दांडी सोडायला तयार नव्हती.

"घाबरलीस का? मोठी बोट आहे म्हणून? अगं, ही तर जास्त सेफ. ती लहान होती ती—"

"लहानीतही वाटायची."

"काय?"

"भीती." मग चूक कबूल करावी तशा आवाजात ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून."

गुप्ते हसले. काहीतरी चुकीचं ऐकलं, की माणूस हसतो तसे हसले. "चल! तीन वर्षं?"

"वर्षं कुठली? हिवाळ्यातच तर जायचो आपण."

"म्हणजे तू तिथे पुढे बसून..."

"डोळे मिटून बसायचे. तुम्हाला कुठे दिसत होतं?"

भर खाडीत, स्वतःच्या कमाईच्या बोटीवर, हा दणकट माणूस सुकाणूला धरून उभा राहिला. जे तीन हिवाळे त्यांना आयुष्यातले सगळ्यात सुखाचे वाटत होते, ते एका वाक्यासरशी गेले. मशीनच्या माणसाला जे सुचतं तेच त्यांना सुचलं, बिघाड कुठे झाला ते शोधायचं.

"लहानपणी काही झालं होतं का? विहिरीत वगैरे पडली होतीस?"

"काही नाही झालं. लोकांना पालीची वाटते ना, तशी मला पाण्याची वाटते."

"मग मला कसं माहीत नाही?"

"आपण कधी पाण्यात गेलो होतो? अलिबागला गेलो, मुरूडला गेलो, तुम्ही सगळे आत शिरायचात."

"आणि तू चपलांपाशी बसायचीस."

"कोणीतरी बसायलाच हवं होतं की."

गुप्त्यांना ते सगळे किनारे आठवले. प्रत्येक किनाऱ्यावर वाळूत चपलांचा एक ढीग आणि त्याच्या शेजारी ती. आळशी आहे जरा, असं ते भावांना सांगायचे. मोठ्याने सांगायचे आणि सगळे हसायचे. तीही हसायची.

धक्का पचेना, तेव्हा तो रागावर गेला. "मग आलीस कशाला? मला वेड्यात काढलंस तू! मी जगभर सांगत सुटलो, हिला पाण्याचं वेड, हिला पाण्याचं वेड. ही बोट कुणासाठी घेतली मी? नाव कुणाचं घातलंय मागे?"

"ओरडू नका हो. बोट हलते."

बोट ओरडण्याने हलत नव्हती, पण गुप्ते एकदम गप्प झाले.

"पहिल्या दिवशी वजन म्हणून आले," ती म्हणाली. "आणि तुम्ही मागे शीळ घातलीत. घरी सहा महिने तुमचा आवाज म्हणजे नुसतं लिफ्टचं भांडण. मी डोळे मिटून ती शीळ ऐकत बसले. म्हटलं, शीळ चालू आहे म्हणजे हे मागे आहेत, बोटही वर आहे. तुम्ही मध्येच थांबलात की जीव जायचा माझा. आणि तुम्ही एकटे जाणार, मी बाल्कनीत बसून वाट बघणार, ते याहून वाईट. त्यापेक्षा बोटीत बरी."

"पण सांगायचंस ना! एकदा तरी! मी दर वेळी विचारत होतो, कसं वाटलं, कसं वाटलं. तू म्हणायचीस, छान वाटलं."

"धक्क्यावर उतरल्यावर विचारायचात तुम्ही," हेमांगी म्हणाली. "उतरल्यावर मला छानच वाटायचं."

तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं, हेच तर सगळ्यात वाईट होतं.

"मी आत केबिनमध्ये बसू का?" तिने विचारलं. "तिथून पाणी दिसत नाही."

"बस."

ती दांडीला, सीटच्या पाठीला, जे हाताला लागेल त्याला धरत तीन पायऱ्या उतरली आणि तिने दार लावून घेतलं. ज्या केबिनचे पडदे त्यांनी हौसेने निवडले होते, त्या पडद्यांच्या आड ती गेली. गुप्त्यांनी खिशातून फोन काढला. तेच फोटो, रोज बघितलेले. त्यांनी एक मोठा करून बघितला. स्कार्फ, पाठ, पुढे पाणी. मग खाली, त्यांनी कधी न बघितलेल्या कोपऱ्यात, तिचे हात. दोन्ही हातांनी फळी गच्च धरलेली. त्यांनी दुसरा बघितला. धरलेली. तिसरा, चौथा. एका फोटोत तिच्या समोर सूर्य उगवत होता, त्याची कितीतरी जणांनी वाहवा केली होती. त्यातही हात तिथेच होते. गुप्त्यांनी फोन खिशात टाकला.

त्यांनी बोट वळवली. परतीच्या वाटेवर शेजारची सीट रिकामी होती आणि तिच्याकडे बघायचं ते टाळत होते. केबिनमधून काही आवाज येत नव्हता. दोनदा त्यांनी हाक मारली, "ठीक आहेस ना?" आणि दोन्ही वेळा आतून उत्तर आलं, "हो हो, तुम्ही बघा समोर."

धक्क्याला बोट नीट लागली नाही. जरा जोरातच आदळली आणि नव्या रंगावर लांब ओरखडा उठला. एरवी गुप्त्यांनी अशा ओरखड्यापायी दोन दिवस जेवण सोडलं असतं. आज त्यांनी नुसता दोर फेकला. महिपतने तो झेलून खुंट्याला बांधला. हेमांगी केबिनमधून वर आली, महिपतच्या बायकोचा हात धरून धक्क्यावर उतरली आणि तिने एक मोठा श्वास घेतला.

"काय वयनी," महिपत म्हणाला, "कशी वाटली मोठी बोट?"

"छान!" हेमांगी म्हणाली. "आत तर अगदी घरासारखं आहे."

"मंग फुडच्या आयतवारी वसईकडं जावा. लय मजा येल."

"जाऊ की!"

गुप्ते बोटीतच उभे होते. त्यांनी पहिल्यांदाच तिच्या उतरण्याचा क्षण नीट बघितला. तिच्या गालांवर रंग परत आला होता, डोळे चमकत होते. महिपतच्या बायकोशी ती कोळंबीच्या भावावरून हसत बोलत होती. हे नाटक नव्हतं. जमिनीला पाय लागले होते आणि बाई खरोखर सुखात होती. इतके दिवस दर रविवारी याच चेहऱ्याला त्यांनी खाडीचं श्रेय दिलं होतं.

गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोर बंदराचा उतार होता आणि वर घोडबंदर रोडवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या.

"हेमांगी."

"हं."

"अजून काय काय आहे?"

"कशाचं?"

"असंच. मी बघितलं नाही असं." त्यांनी किल्लीवरचा हात काढला. "हे घर. एकोणीस मजले वर. कल्याण सोडायचं मी ठरवलं, तेव्हा तुला विचारलं होतं का?"

"विचारलं होतं की."

"कधी?"

ती जरा आठवत राहिली. "सामान लावून झाल्यावर."

गुप्त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "मग? तेव्हा काय म्हणालीस?"

"जाऊ दे ना आता. किती उकरताय? बाकी काही नाही हो. चला, डबा तसाच राहिलाय. घरी जाऊन गरम करते."

'बाकी काही नाही.' हे खरं होतं, की तेही तसलंच? गुप्त्यांनी सीटवर पूर्ण वळून तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. कपाळावर वाळलेल्या घामाची रेघ होती. डाव्या भुवईशेजारी एक तीळ होता, तो कधीपासून होता देव जाणे. डोळे उघडे होते, त्यांच्याकडेच बघत होते, थोडे हसत होते. इतक्या जवळून, भर उन्हात ते बघत राहिले आणि तरी त्यांना काही कळेना.

"काय झालं?" हेमांगीने विचारलं. ओढणीच्या टोकाने तिने आधी एक गाल पुसला, मग दुसरा. "काही लागलंय का तोंडाला?"

"नाही."

तरी ते बघतच राहिले. ती जराशी अवघडली. मग तिने डोक्याचा स्कार्फ सोडला आणि उगाचच केस सारखे करायला लागली.