आईंचा दुसरा चहा

गाडी थांबल्याथांबल्या ती उतरली, मागच्या सीटवर झोपलेल्या लेकीला, भिंगरीला, उचललं आणि नवऱ्याकडे न बघता कॅफेच्या पायऱ्या चढली. आत मोजकीच टेबलं होती. काउंटरमागे कॅफेवाली बाई कप पुसत होती आणि रेडिओ चालू होता. मुलीला तिने भिंतीकडच्या बाकावर निजवलं.

थोड्याच वेळापूर्वी, सरळसोट रस्त्यावर, गाडी हळूहळू उजवीकडे सरकायला लागली होती. समोरून ट्रक येत होता. तिने वळून पाहिलं तर नवऱ्याची मान छातीवर कललेली. तिने झटका देऊन स्टिअरिंग ओढलं. ट्रक ठणाणा हॉर्न वाजवत अंगावरून गेल्यासारखा गेला. नवरा ताठ बसला, ‘खड्डा होता’ एवढंच म्हणाला. मागे भिंगरी गाढ झोपेत होती आणि सासूबाईंचेही डोळे मिटलेले होते.

तो रात्रभर छापखान्यात होता. काम अंगावर आलेलं, म्हणून पाळी संपल्यावर तसाच येऊन गाडीत बसला होता. नखांतली शाईसुद्धा निघाली नव्हती. उद्या निघू, असं तिने सकाळी सुचवून पाहिलं होतं. पण नणंदेला मुलगी झाली होती आणि नात बघायला सासूबाईंचा जीव नुसता वरखाली होत होता. आई म्हणाली निघू, म्हणजे निघायचं.

आता तो समोर येऊन बसला. सासूबाई अजून पायऱ्याच चढत होत्या.

“डोळा लागला होता तुझा,” ती दबक्या आवाजात म्हणाली.

“खड्डा होता म्हटलं ना. आईसमोर तमाशा नको.”

“मग पुढे मी चालवते.”

तो नाकातल्या नाकात हसला. शाळेपर्यंत नि बाजारापर्यंत गाडी नेणं वेगळं, हा रस्ता वेगळा, असं म्हणाला. आणि गेल्या महिन्यात फाटकाला गाडी कोणी घासली, हेही विचारून घेतलं. काउंटरशी जाऊन तिने बसची चौकशी केली. इथून बस फक्त सकाळी सुटते, असं कॅफेवालीने सांगितलं. पण तिचं ठरलं होतं. काय व्हायचं ते होवो, मुलीला घेऊन त्या गाडीत पाय ठेवायचा नाही.

दहा मिनिटांत निघू, असं नवऱ्याने जाहीर केलं. सासूबाईंनी चहा मागवला. बशीत ओतून, फुंकर घालत, घोटघोट प्यायल्या. मग चहा गार होता म्हणाल्या आणि दुसरा मागवला. मग टोस्ट. टोस्ट कडक निघाला, तो भिजवत बसल्या. सकाळी सगळ्यांच्या मागे घाईचा धोशा लावणारी हीच का बाई, असं तिला झालं. ती आतल्या आत धुमसत होती. नवरा घड्याळ बघत होता, जांभई गिळत होता.

मग सासूबाईंनी ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून कॅफेवालीला पडदा ओढायला लावला. रेडिओही बारीक करायला सांगितला.

ती खिडकीकडे बघत राहिली. उन्हाची तिरीप सासूबाईंच्या नव्हे, त्यांच्या मुलाच्या तोंडावर होती.

पडदा सरकला तसा तो टेबलावर कोपर टेकून बसला, मग हातांवर डोकं ठेवलं. बघता बघता घोरायला लागला.

“उठवू नकोस,” सासूबाई हलकेच म्हणाल्या. “मघाशी मी जागी होते.”

“मग बोलला का नाहीत, आई?”

“बोलले असते तर इथे चहालासुद्धा थांबला नसता. लहानपणापासून तसाच आहे.”

त्यांनी त्याच्या कोपराशी पडलेली गाडीची किल्ली उचलली आणि बशीच्या आडून तिच्याकडे सरकवली. दुसरा चहा तसाच होता. त्यावर साय धरली होती.

बऱ्याच वेळाने तो दचकून उठला, खिसे चाचपायला लागला. किल्ली बायकोच्या मुठीत दिसली तशी त्याच्या कपाळावर आठी चढली.

“माझी पाठ अवघडते मागे,” सासूबाई उठत म्हणाल्या. “मी पुढे बसते. तू पोरीला घेऊन मागे बस.”

“आई, अगं हिला...”

“पोरीचं डोकं सांभाळ उचलताना.”

कॅफेवाली कप पुसायची थांबली होती. तो एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला. मग वाकून त्याने भिंगरीला खांद्यावर घेतलं.

गाडी आचके देत आवाराबाहेर पडली. मागून गिअरबद्दल काहीतरी सुरू झालं. सासूबाई मान न वळवता ‘झोप तू’ म्हणाल्या, आणि ते थांबलं. मोठा रस्ता लागला. शेजारून एकेक ट्रक सुसाटत जायला लागला तशी तिची बोटं स्टिअरिंगवर घट्ट आवळली गेली. सासूबाईंनीही मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

“तुझी आई तुला लहानपणी काय म्हणून हाक मारायची गं?” त्यांनी विचारलं.

लग्न झाल्यापासून त्या घरात हे तिला कोणी विचारलं नव्हतं. रस्त्यावरची नजर न हलवता तिने सांगितलं.

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. “आणि रागावली की?”