सात विती, चार बोटं

शेवटचा टाका बंद करून मोजणीबाईने लोकर दातांनी तोडली आणि स्वेटर दोन्ही हातांनी समोर धरला. धरला खरा, पण त्याच्यामागे ती स्वतःच दिसेनाशी झाली.

"आई, आत आहात ना?" स्वयंपाकघराच्या दारातून सून म्हणाली. "की स्वतःलाही त्यात विणून टाकलंत?"

"माणूस अंगाने भरलेला आहे."

"भरलेला? अहो, हा स्वेटर आहे की तंबू? आपलं कपाट मावेल यात."

"थंडीत काम करणाऱ्याला सैलच लागतं. तू चहा ओत, मला उशीर होतोय."

उशीर काही होत नव्हता. घड्याळात सात वाजायला दहा मिनिटं कमी होती आणि कामाची वेळ आठची. पण सकाळी उठल्यापासून तिच्या पायांना भिंगरी लागली होती. दोनदा केस विंचरून झाले होते. एकदा चपला घालून ती दारापर्यंत गेली आणि बाहीचे चार टाके राहिलेत हे आठवून परत आली होती.

सुनेने चहाचा कप पुढे ठेवला आणि समोर बसली.

"काय म्हणायचं ठरलंय?"

"काय म्हणायचंय? स्वेटर द्यायचा."

"आणि?"

मोजणीबाईने बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "आणि थांबा म्हणायचं."

"बघा, एकच शब्द आहे. म्हणा बघू एकदा."

"चल, चावट कुठली!" ती म्हणाली. पण कान लाल झाले ते झालेच. अठ्ठावन्नाव्या वर्षी कान लाल होतात हे तिला या तीन वर्षांतच कळलं होतं.

गावाबाहेरच्या शीतगृहात ती अठरा वर्षं काट्यावर होती. फळांच्या पेट्या आल्या की तोलायच्या, मोजायच्या, आकडा लिहायचा आणि आत पाठवायच्या. अठरा वर्षांत तिचा आकडा कधी चुकला नव्हता, म्हणून तिचं नावच मोजणीबाई पडलं. आणि आतल्या दालनांवर लक्ष ठेवणारा जो माणूस होता, त्याला सगळे अस्वलभाऊ म्हणत. हाताच्या पंजाएवढ्या जाडीचा कापूस भरलेला कोट, गुडघ्यापर्यंतचे बूट, कानांवर ओढलेली टोपी. त्या सगळ्यातून नाक आणि पांढऱ्या मिशा तेवढ्या बाहेर असत. मोजणीबाई मात्र त्याला हाक मारताना त्यातला 'भाऊ' जपून गाळत असे. 'अहो' म्हणायची, नाहीतर नुसतं खाकरायची. सुनेने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच तिने काय ते ओळखलं होतं.

दर तासाला आतल्या थंडीचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून बाहेर द्यावा लागे. त्यासाठी जाड दाराला एक फट ठेवलेली होती. आधीचा माणूस चिठ्ठी फटीतून सरकवून मोकळा होई. हा माणूस मात्र दर तासाला ते मणभर वजनाचं दार ओढून स्वतः बाहेर येई. पांढऱ्या वाफेचा लोट त्याच्या मागोमाग येई. हातमोजे काढून तो मोजणीबाईच्या शेगडीवर हात शेकायचा, चिठ्ठी द्यायचा, काहीतरी बोलायचा आणि परत आत जायचा. दिवसातून आठ वेळा, सलग तीन वर्षं. कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं. विचारायला लागावं असं काही उरलंही नव्हतं. निदान तिला तरी तसं वाटत होतं, आजचा दिवस उजाडेपर्यंत.

आज त्याच्या कामाचा शेवटचा दिवस होता. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दूरच्या शहरात भाऊ होता, तो राहायला बोलावत होता. साडेपाचची बस ठरली होती. हे त्याने महिन्यापूर्वी शेगडीवर हात शेकताना सांगितलं, आणि सांगून झाल्यावरही बराच वेळ हात शेकत राहिला. मोजणीबाईने तेव्हा मान खाली घालून एक पेटी दोनदा तोलली.

स्वेटर त्याच्या आधीच सुरू झाला होता. कोटाची चेन बिघडली म्हणून एक दिवस तो दुसरा तसलाच कोट घालून आत गेला होता आणि त्याचा कोट तिच्या मागच्या खुंटीवर टांगलेला होता. आसपास कुणी नाही असं बघून तिने विती टाकल्या. सात विती घेर. वर चार बोटं तिने आपल्या मनाने वाढवली, स्वेटर अंगाला घट्ट नको म्हणून. मग दोन महिने घरात दुसरं काही नव्हतं. दोन उलट, दोन सुलट. लोकर संपली, आणखी आणली, तीही संपली.

चार वाजता तिची सुट्टी झाली. रोज ती पुढच्या फाटकाने घरी जायची; आतली माणसं पाचला मागच्या फाटकाने सुटत. आज पिशवी छातीशी धरून ती मागच्या फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसली. समोरच रस्ता होता, आणि रस्त्यापलीकडे बसचा थांबा.

"आज इकडे कुठे, बाई?" पहारेकऱ्याने खोलीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बसले जरा."

"बसा, बसा. बाकाला काय, आनंदच आहे."

पाच वाजले. माणसं बाहेर पडू लागली. मोजणीबाई उभी राहिली. एकेक खांदा, एकेक टोपी ती बघत होती. दोघे गेले, तिघे गेले. एक किडकिडीत म्हातारा हातात लोखंडी पेटी घेऊन तिच्यासमोर येऊन थांबला. त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायला ती थोडी बाजूला झाली.

"मोजणीबाई, कुणाला शोधताय?"

आवाज ओळखीचा होता. तिने खाली बघितलं. पेटीच्या कडीवरचे हातही ओळखीचे होते. ते डाव्या अंगठ्याचं चिरलेलं नखही. मग तिची नजर वर वर गेली आणि कुठे थांबावं हे तिला कळेना. सदऱ्यातून खांद्याची हाडं दिसत होती. मान म्हणजे नुसती काठी. मिशा तेवढ्या त्याच.

"कोट जमा केला आज," तो म्हणाला आणि मोकळ्या हाताने उगीच सदरा सारखा केला. "तो काढला की मी एवढाच उरतो. तुम्हाला वाटलं असेल कोण हा फाटका माणूस."

"तसं नाही हो..."

पण तिच्या डोळ्यांसमोर सात विती नाचू लागल्या होत्या. वर चार बोटं! तिने पिशवी पाठीमागे नेली.

"काय आहे त्यात?"

"काही नाही."

"माझ्यासाठी आहे?"

खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. तिने पिशवी पुढे केली. त्याने पेटी खाली ठेवली, स्वेटर काढला, उलगडला आणि उलगडतच राहिला. निळी लोकर, छातीवर दोन वेण्या. त्याने त्या वेण्यांवरून बोट फिरवलं. मग स्वेटर डोक्यातून घातला.

डोकं बाहेर आलं, हात काही आले नाहीत. बाह्या हातांच्या पुढे वीतभर लोंबत होत्या आणि खालची पट्टी गुडघ्यांवर टेकली होती.

"अस्वलभाऊ!" पहारेकरी खिडकीतून ओरडला. "आत अजून एक माणूस मावेल की हो!"

दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं. मोजणीबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण त्यात रागच जास्त होता.

"काढा तो," ती म्हणाली.

"का? ऊबदार आहे."

"काढा म्हणते ना! अठरा वर्षांत एक आकडा चुकला नाही माझा, आणि चुकला तो नेमका इथे. कोटाचं माप घेतलं मी. तुम्हाला कधी कोटाशिवाय बघितलंच नाही."

"मीही तुम्हाला कधी काट्याशिवाय बघितलं नव्हतं," तो म्हणाला. "बरं वाटलं."

हीच तो शब्द म्हणायची वेळ, हे तिला कळत होतं. सुनेसमोर तरी तो जिभेवर आला होता. आता जीभ टाळूला चिकटून बसली. रस्त्याकडे बघत ती भलतंच बोलून गेली.

"चुकीचं वजन मी फाटकाबाहेर जाऊ देत नाही. परत तोलल्याशिवाय पेटी हलत नाही इथून. हा स्वेटरही जायचा नाही. उसवणार मी."

"आत्ता?"

"आत्ता."

त्याने थांब्याकडे बघितलं. चार-पाच माणसं तिथे उभी होती. मग तो बाकावर बसला, स्वेटर डोक्यातून ओढून काढला आणि घडी न घालता तिच्या मांडीवर ठेवला.

"किती वेळ लागेल?"

"विणायला दोन महिने लागले. उसवायला..." तिने पिशवीतून लहान कात्री काढली. बाहीची शिवण बरोबर सापडली. "हात पुढे करा. लडी करायची तर धरायला कुणीतरी लागतं."

त्याने दोन्ही हात पुढे केले. "असे?"

"थोडे लांब. अंगठे वर."

तिने धाग्याचं टोक त्याच्या हातांभोवती टाकलं आणि ओढायला सुरुवात केली. ओळ सुटली की लोकर कुरळी होऊन येई. ती त्याच्या एका हातावरून दुसऱ्या हातावर जाई. एक बाही संपली. दुसरी अर्ध्यावर आली. मध्येच तो म्हणाला, "या वेळी माप माझं घ्या."

"घेणारच आहे."

"खांद्यात आवळेल, नाही?"

"नाही आवळणार. गप्प बसा, हात हलतायत."

रस्त्याच्या वळणावर बस दिसली. मोजणीबाईला ती दिसली, आणि त्याची नजर तिच्या नजरेमागून तिकडे गेली हेही दिसलं. तिने धागा ओढायचा थांबवला. आता तो हात सोडवील. सोडवायला हवेतच. लडी बाकाच्या पाठीला अडकवून ठेवता येते, हे तिने सांगायला हवं होतं. तिने ते सांगितलं नाही.

बस थांब्यावर येऊन उभी राहिली. माणसं चढली.

"अस्वलभाऊ!" पहारेकरी आता खोलीतून बाहेरच आला होता. "अहो, गाडी लागली तुमची!"

"दिसतंय," तो मान न वळवता म्हणाला.

"मग उठा की! जाईल ना!"

"कसा उठू? हात अडकलेत."

पहारेकऱ्याने त्याच्या हातांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, जमिनीवर ठेवलेल्या पेटीकडे बघितलं आणि डोकं खाजवत परत खोलीत गेला. बसने धूर सोडला.

मोजणीबाईने पुढची ओळ सोडवायला घेतली, सावकाश, एकेक टाका करत.