काळुरामकाकांचे तीन आकडे

आंबा नदीचं पुराचं पाणी नागोठण्यात कसं चढतं-उतरतं, ते अपेक्षाला बी.एस्सी.च्या प्रोजेक्टात कॉम्प्युटरवर मांडायचं होतं. रोह्याच्या कॉलेजात सरांनी रीत शिकवली होती: वेळेचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात किती पाणी आलं नि किती गेलं ते धरून पुढची पातळी काढायची. पोरीनं मान मोडून प्रोग्राम लिहिला. पण तो पडताळायला नदीचे खरे आकडे हवेत ना! ते दिले काळुराम वाघमाऱ्यांनी.

काळुरामकाका नदीकाठच्या वाडीतले, अपेक्षाच्या शेतावर लावणीला येणारे. वीत-वीत अंतरावर खाचा पाडलेला बांबू त्यांनी काठाला रोवला आणि पुराचे दोन दिवस भिजत दर तासाला पाणी कुठवर आलं ते तिला फोनवर सांगितलं.

सगळे आकडे प्रोग्रामानं काढलेल्या आलेखाच्या रेषेवर बसले, दुसऱ्या दुपारचे तीन सोडून. पाऊस सकाळी दहालाच थांबला होता, रेषा खाली चालली होती, आणि काकांचे दोन, तीन, चार वाजताचे आकडे चढलेले. दमून घरी बसले असतील, दिलं असेल काहीतरी ठोकून, असं म्हणत शहाणीनं ते आकडे खोडले. रेषा कशी झकास जुळली! सरांनी शाबासकी दिली. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते.

ती शाबासकी काही तिला पचेना. रविवारी पेढे घेऊन ती वाडीत गेली आणि चाचरत विचारलं, "काका, पाऊस नव्हता, तरी पाणी चढलं कसं?"

काका हसले. "पाऊस थांबला म्हनून खाडी थांबते काय? आवस व्हती गो. पूर जोरात व्हता तवर भरतीचं काय चाललं नाय; पूर वसरला नि भरतीनं उतरतं पानी मागं रेटलं."

अपेक्षाचं तोंड उतरलं. प्रोग्रामात तिनं खाडीकडचं पाणी दोन्ही दिवस एकाच पातळीला धरलं होतं. जन्म काठावर गेला आणि बाई भरतीच विसरली! घरी येऊन तिनं भरती-ओहोटीच्या वेळा घातल्या नि प्रोग्राम पुन्हा चालवला. दुपारी दोनला रेषेनं डोकं वर काढलं आणि ती त्या तिन्ही आकड्यांना लागून गेली. अपेक्षाला रडू फुटलं. लाज वाटत होतीच, पण त्याहून जास्त वाटत होते काकांचे उपकार.

सोमवारी ती त्यांना हट्टानं कॉलेजात घेऊन गेली. परीक्षकांना तिनं आधी चुकीचा आलेख दाखवला, मग बरोबरचा. "हे आकडे मी खोटे समजून खोडले होते," तिनं सांगून टाकलं. "खोटी माझी रेषा होती. आकडे मोजणारे मागे बसलेत." परीक्षक उठून मागच्या बाकापर्यंत गेले आणि त्यांनी काकांचा हात हातात घेतला.

व्हरांड्यात आल्यावर काका म्हणाले, "खोडलंस त्याचं काय नाय. पन छातीभर पान्यात हुभा व्हतो मी. एक फोन करून इचारायचं व्हतंस गो."

"व्हय काका," म्हणत अपेक्षा सगळ्या कॉलेजादेखत त्यांच्या पाया पडली.