बसस्टॉपसमोरचा बाप

सब-इन्स्पेक्टर रेवती घोरपडेने त्या माणसाला पहिल्यांदा ठाण्यात आणलं, तेव्हा त्याच्याविरुद्धची तक्रार एवढीच होती की तो उभा असतो. दिल्लीत आर. के. पुरममधल्या एका सरकारी वसाहतीच्या फाटकाशी दुपारी शाळेची बस यायची. समोरच्या फुटपाथवर तो आधीच येऊन थांबलेला असायचा. बसमधून आठ वर्षांची सृष्टी उतरायची, सांभाळणाऱ्या बाईंचा हात धरून आत जायची. ती दिसेनाशी झाली की तो निघून जायचा.

तो सृष्टीचा बाप होता, उन्मेष. मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी. मागच्या वर्षी घटस्फोट झाला आणि मुलगी आईकडे, संपदाकडे राहिली. ती एका मंत्रालयात काम करायची. कोर्टाने उन्मेषला महिन्यातले दोन शनिवार दिले होते, तेही कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत, तासाभरासाठी. बाकीच्या दिवशी त्याने मुलीच्या जवळपास यायचं नव्हतं. म्हणून संपदाने तक्रार दिली होती.

रेवतीच्या छातीवरची नावाची पट्टी वाचून तो हिंदी सोडून मराठीत बोलायला लागला. मुलीशी बोलत नाही, हाकही मारत नाही, म्हणाला. दुपारी इथे येणं जमावं म्हणून त्याने रात्रपाळी मागून घेतली होती.

"ती बसमधून उतरताना कशी दिसते, तेवढंच बघतो, मॅडम. शनिवारी ती नीट कपडे घालून, तयार होऊन येते. पाहुण्यांकडे आल्यासारखी."

रेवतीची स्वतःची मुलगी, रिंकू, साताऱ्याला आजी-आजोबांकडे होती. नवरा फौजेत, सध्या सीमेवर, आणि इकडे ठाण्याच्या ड्यूटीला धरबंध नाही. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. रिंकू फोन असा धरायची की अर्धा वेळ नुसतं छतच दिसायचं. शाळेतून दमून, केस विस्कटून येणारी रिंकू कशी दिसते, हे रेवतीलाही ठाऊक नव्हतं. तिने उन्मेषला समज दिली, पुन्हा दिसलात तर कारवाई होईल असं सांगितलं आणि सोडून दिलं. संपदाला फोनवर कळवलं. ती फक्त "अच्छा" म्हणाली.

दोन आठवडेही गेले नसतील. सांभाळणाऱ्या बाईंना ट्रॅफिकमुळे पोचायला उशीर झाला. सृष्टी बसमधून उतरली आणि तिला समोर बाबा दिसले. ती स्वतःच धावत गेली, आणि उन्मेष तिचा हात धरून चालायला लागला.

बाईंचा फोन येताच संपदाने पोलिसांना कळवलं आणि ती ऑफिसातून तशीच पळत आली. रेवती आणि दोन शिपाई आजूबाजूच्या गल्ल्या धुंडाळत होते. शेवटी वसाहतीमागच्या बागेत दोघं सापडली. तो तिला संत्रं सोलून देत होता आणि ती शाळेतलं काहीतरी हिंदीत सांगत होती. आईचा चेहरा बघून ती मध्येच गप्प झाली.

ठाण्यात संपदा ओरडली नाही, रडलीही नाही. घटस्फोटाच्या आधी उन्मेष न सांगता सृष्टीला नाशिकला घेऊन गेला होता, पंधरा दिवस फोन बंद ठेवून, हे तिने आता सांगितलं. रेवतीने पहिल्या खेपेला हे विचारलंच नव्हतं.

"त्या दिवशी तुम्हाला त्याच्याबद्दल वाईट वाटलं, म्हणून तुम्ही सोडलंत," संपदा म्हणाली. "आज तो तासभर मी कसा काढला, त्याचंही थोडं वाईट वाटू द्या."

 ते खरं होतं, हे रेवतीला ठाऊक होतं.

ठाणेदारांनी निर्णय तिच्यावर सोपवला. गुन्हा नोंदवला तर उन्मेषला अटक, मग नोकरी जाणार, आणि कदाचित शनिवारही. पुन्हा समज देऊन सोडणं आता शक्य नव्हतं. मधला मार्ग होता प्रतिबंधक कारवाईचा. एसीपींसमोर, म्हणजे सहायक पोलीस आयुक्तांसमोर, उभं करून वसाहतीच्या आसपास न फिरकण्याच्या हमीचा सहा महिन्यांचा बॉण्ड लिहून घ्यायचा, आणि तो मोडला तर तुरुंग. रेवतीने या वेळी आधी संपदाला विचारलं.

"बाप तुरुंगात गेला होता, हे मोठेपणी तिला कळायला नको," संपदा म्हणाली. "पण बसस्टॉपवर तो नको."

उन्मेषने मान खाली घालून सही केली. मग विचारलं, "मग मी तिला कुठून बघू?"

"शनिवारी बघा. आणि जास्त वेळ हवा असेल तर वकिलामार्फत कोर्टाकडे मागा," रेवती म्हणाली. "माझ्याकडे नाही, आणि फुटपाथवर तर नाहीच."

तो गेल्यावर तिने बॉण्डचा कागद फाइलला लावला. आपण जास्त कडक वागलो की अजूनही मऊच, हे तिला ठरवता येईना.

तो बॉण्ड त्याने पाळला. मधल्या काळात रेवती अधूनमधून संपदाला फोन करून विचारायची, आणि संपदा दर वेळी तो दिसला नसल्याचं सांगायची. एकदा मात्र आपणहून म्हणाली, की सृष्टी अजून बसमधून उतरली की आधी समोर बघते.

मुदत संपली तशी उन्मेषच्या वकिलाने कोर्टात अर्ज केला. संपदाने विरोध केला नाही. दर महिन्याचा एक पूर्ण रविवार त्याला मिळाला.

असे तीन रविवार झाल्यावर हे सांगायला तो ठाण्यात आला. रेवतीने चहा मागवला. रविवार कसे जातात, असं तिने विचारलं.

"छान जातात. दिवसभर हसते, खेळते," तो म्हणाला. "संध्याकाळ झाली की स्वतःच बूट घालून दाराशी बसते. मम्मी वाट बघत असेल, म्हणते."

त्याने चहा संपवला, तिला नमस्कार केला आणि मेट्रो पकडायला निघून गेला. त्याची पाळी सुरू व्हायची होती.