आग लागल्याशिवाय उठवायचं नाही

मे महिन्याची सुट्टी लागली आणि सुमतीच्या घरात चार पोरं दिवसभर एकदम दिसायला लागली. एरवी थोरली उत्तरा आणि तिच्या पाठचा आनंद निदान सकाळी शाळेत तरी असत. आता सूर्य उगवला की सगळी खोलीत, आणि डोंबिवलीतल्या त्या चाळीत खोल्या दोनच.

त्या दिवशी सकाळी आनंदने खिडकीच्या गजांत डोकं घातलं. ते गेलं बरोबर, पण परत येईना. सुमतीने त्याच्या दोन्ही कानांना गोडेतेल चोळलं, एकेक कान दुमडून डोकं सोडवलं. "कशाला घातलंस रे?" तिने विचारलं. आनंद म्हणाला, "जातं का ते बघत होतो." तेवढ्यात चार वर्षांच्या दिगूने उरलेलं तेल पाटावर ओतून त्यावर घसरगुंडी केली होती. तान्हीला दात येत होते. दोन रात्री ती झोपली नव्हती, म्हणजे सुमतीही झोपली नव्हती.

जेवणं झाली, उष्टी निघाली, विहिरीवरून दोन खेपा झाल्या. तान्हीचा डोळा लागलेला पाहून सुमतीने तिच्याशेजारी सतरंजी अंथरली.

"मी जरा आडवी होते," तिने पोरांना बजावलं. "घराला आग लागल्याशिवाय मला उठवायचं नाही. कळलं?"

तिघांनी माना डोलावल्या. तिची पाठ टेकते न टेकते तोच दिगू कानाशी आला.

"आई, आग नाही लागली."

"बरं."

"आई, लागली तर तुला हाक मारायची का हलवायचं?"

"हाक मार."

"जोरात?"

सुमतीने ठरवलं, आता बोलायचंच नाही. तिने डोळे गच्च मिटले. आधी ते सोंगच होतं, पण दोन रात्रींची झोप त्या सोंगाचीच वाट पाहत असावी. विहिरीत कळशी बुडावी तशी ती बुडाली.

दिगूने थोडा वेळ दम धरला. मग त्याने आईच्या ओठांत एक चुरमुरा सरकवून पाहिला. चुरमुरा तसाच राहिला. त्याने तिची पापणी बोटाने वर करून आत डोकावलं. मग तो पायरीवर जाऊन बसला.

मानपाड्याची बायजा भाजीची पाटी घेऊन तेव्हाच चाळीत शिरत होती. "आयेला हाक मार रं पोरा, भेंडी आनलीय," ती म्हणाली.

"आई उठतच नाही," दिगू म्हणाला. "मी डोळा उघडून बघितला. आत कोणी नव्हतं."

बायजाने पाटी तिथेच टाकली. "अगो माझे बाय!" तिच्या एका हाकेसरशी शेजारच्या विमलाबाई लाटणं हातात घेऊनच धावल्या, त्यांच्यामागून आणखी चारजणी.

सुमतीला जाग आली ती कपाळावर गार ओलं फडकं पडल्यावर. कोणीतरी वारा घालत होतं. तान्ही कुरकुरली, तर कोणीतरी तिला उचलूनही घेतलं. उत्तरा रडत होती, आणि तिला कोणीतरी पोटाशी धरून समजावत होतं.

"किती वाळलीय हो ही," विमलाबाईंचा आवाज आला. "रोज बघतो आपण, पण लक्षात येत नाही."

डोळे उघडावेत हे सुमतीला कळत होतं, पण उघडवेनात. लग्न झाल्यापासून तिला कोणी वारा घातला नव्हता. मिटल्या पापणीतून पाणी आलं, ते फडक्याच्या पाण्यात मिसळून गेलं. इतक्यात विमलाबाईंनी फोडलेला कांदा नाकाशी धरला आणि तिला ठसका लागला.

"मला काही झालं नाही हो," ती उठत म्हणाली. "झोप लागली होती नुसती."

"सगळे असंच म्हणतात," विमलाबाईंनी तिला पुन्हा आडवं केलं. "खबरदार उठलीस तर. पोरांना मी नेते."

बायजाने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, पदरात तोंड लपवून हसली आणि हळूच म्हणाली, "निज गो, निज." भेंडीचा एक वाटा उंबऱ्यात ठेवून ती निघून गेली.

घर शांत झालं. इतकं शांत की सुमतीला झोप येईना. ती भिंतीकडे कान लावून पडली. पलीकडे काहीतरी फुटलं. "अरे, बरणी!" विमलाबाई ओरडल्या. मग दिगूचं भोकाड, मग आनंदचं "मी नाही, मी नाही". उठायला सुमतीचा हात सवयीने जमिनीवर टेकला होता. तिने तो काढून घेतला आणि कूस बदलली.

दिवेलागणीला विमलाबाई पोरं परत घेऊन आल्या. अंबाडा सुटलेला, लुगड्यावर लोणच्याचा खार. "आता बरं वाटत असेल ना गं?" त्यांनी विचारलं. "वाटतच असेल."

सुमतीचा नवरा हरिहर कचेरीतून आला तो धापा टाकत. स्टेशनावरच त्याला कोणीतरी सांगितलं होतं की तुमच्या मंडळींना चक्कर आलीय. त्याच्या हातात मोसंबी होती. "अगं, डॉक्टरांना बोलावू का?" त्याने विचारलं.

"नको. झोपले की बरं वाटेल."

"मग पडून राहा. भात-पिठलं मी करतो."

तो स्टोव्हशी बसला. थोड्याच वेळात आतून विचारणा सुरू झाली. डाळीचं पीठ कुठल्या डब्यात? हिंग कुठे? स्टोव्हची पिन कुठे? रेशनच्या तांदळातले खडे निवडावे लागतात का? सुमती पडल्या पडल्या सांगत होती. शेवटी जळका वास आला आणि आतून आवाज यायचा बंद झाला.

दिगू धावत येऊन तिच्या उशाशी उभा राहिला. "आई, आग नाही लागली," तो म्हणाला, "पण बाबा घाबरलेत."

सुमती उठली. पदर खोचून तिने करपलेलं पातेलं खाली उतरवलं आणि दुसरं चढवलं. हरिहर ओशाळून म्हणाला, "उद्या शनिवार आहे. दुपारी लवकर येतो. मग पोरांना खाडीवर फिरवून आणीन."

"चौघांना?" तिने विचारलं.

हरिहरने तान्हीकडे पाहिलं. "तिघांना," तो म्हणाला.

"चालेल," सुमती म्हणाली, आणि पिठल्याला फोडणी दिली.